दूर पल्ल्याच्या शर्यतीतील इंधन : काकवी, बेदाणा आणि आतड्याची मर्यादा

सातारा शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढावयाचा, कासच्या पठाराच्या दिशेने काही अंतर जावयाचे आणि त्याच वाटेने उतरून शहरात परतावयाचे, अशी सुमारे 21 किलोमीटरांची डोंगरी शर्यत साताऱ्यात 2012 सालापासून होत आली आहे. या व अशा इतर शर्यतींच्या निमित्ताने सातारा-सांगलीकडील हौशी माणसे धावू लागली, आणि त्यांतील काहींचे लक्ष पुढे ट्रायथलॉनकडे, म्हणजे पोहणे, सायकल चालविणे व धावणे ही तिन्ही एकापाठोपाठ एक, मध्ये विश्रांती न घेता पार पाडण्याच्या शर्यतीकडे वळले. 20 ऑक्टोबर 2019 रोजी गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर झालेल्या स्पर्धेत समुद्रात 1.9 किलोमीटर पोहणे, सायकलवर 90 किलोमीटर आणि पायी 21.1 किलोमीटर असा पल्ला होता. पूर्ण पल्ल्याच्या शर्यतीत हे आकडे दुप्पट होतात. 2015 साली मिलिंद सोमण यांनी आपल्या वयाच्या पन्नासाव्या वर्षात झुरिच येथे असा पूर्ण पल्ला गाठला, तेव्हा त्यांना पंधरा तासांहून अधिक काळ लागला होता.

पंधरा तास, किंवा अर्ध्या पल्ल्याचे सहा-सात तास, अखंड श्रम करणाऱ्या शरीरास वाटेत काय द्यावयाचे, केव्हा द्यावयाचे आणि किती द्यावयाचे, हा प्रश्न स्नायूंच्या ताकदीइतकाच महत्त्वाचा आहे. सराव उत्तम झालेला असूनही अखेरच्या दहा किलोमीटरांत पोटात कळ येऊन, वांती होऊन किंवा पायांतील बळच सरून बसकण मारणारे स्पर्धक प्रत्येक शर्यतीत दिसतात. त्यांपैकी पुष्कळांचे दुखणे पायांत नसून जठरात व आतड्यांत असते.

प्रथम हिशेब पाहू जाता असे दिसते की, सपाटीवर धावताना माणसास दर किलोमीटरास आपल्या वजनाच्या प्रत्येक किलोग्रॅममागे सुमारे एक उष्मांक खर्चावा लागतो. पासष्ट किलोच्या धावपटूस 21 किलोमीटरांसाठी सुमारे 1,370 उष्मांक लागतात; चढावर ते अर्थातच वाढतात. त्याआधी 90 किलोमीटर सायकल व पाऊण तासाचे पोहणे घडले असेल, तर एकंदर खर्च साडेतीन हजार उष्मांकांच्या आसपास जातो. शरीरातील शर्करेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपाने असतो. स्नायूंत 300 ते 500 ग्रॅम व यकृतात सुमारे 100 ग्रॅम, म्हणजे फार तर दोन हजार उष्मांकांच्या आगेमागे. चरबीचा साठा मात्र काटक माणसातही पन्नास हजार उष्मांकांहून अधिक असतो. मग चरबीवरच का धावू नये? कारण चरबी जाळण्याचा वेग मर्यादित असतो, व तितकीच शक्ती मिळविण्यास शर्करेपेक्षा अधिक प्राणवायू लागतो. संथ चालणाऱ्यास तो वेग पुरतो. शर्यतीच्या गतीने जाणाऱ्यास तो पुरत नाही.

आषाढी वारीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते व लोणंद, तरडगाव, फलटण असे मुक्काम करीत पुढे जाते. वारकरी दिवसभर चालतो, पण त्याच्या चालीत श्वास कोंडत नाही, अभंग म्हणता येतो. त्याची बरीचशी गरज चरबी भागविते. मुठीतील गूळ-चणे त्यास पुरेसे होतात आणि चण्यातील प्रथिने व चोथा पचविण्यास त्याच्या पोटास सवड असते. तेच गूळ-चणे ताशी तीस किलोमीटर वेगाने सायकल हाकणाऱ्याने खाल्ले, तर ते जठरात तसेच पडून राहतील. दुसऱ्या टोकास माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांची शर्यत. 2016 साली रिओ येथे 3,000 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या प्राथमिक फेरीत त्यांनी 9 मिनिटे 19.76 सेकंदांचा, त्या वेळी राष्ट्रीय उच्चांक ठरलेला, वेळ नोंदविला आणि अंतिम फेरीत दहावा क्रमांक मिळविला. नऊ-दहा मिनिटांच्या शर्यतीत वाटेत खाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. खाद्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुरू होतो तो दीड तासापलीकडे, आणि दर तासागणिक तो अधिक बिकट होत जातो.

या भागात खेळाडूच्या आहाराची जी परंपरा आहे ती तालमीची आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी 1952 साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविले, त्या परंपरेतील ‘खुराक’ म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई. हा खुराक चोवीस तासांत शरीर घडविण्यासाठी योजलेला आहे, आणि त्या कामी त्याची योग्यता कोणी नाकारणार नाही. परंतु श्रम चालू असताना पोटात घालावयाच्या इंधनाचे गुण अगदी उलट असावे लागतात. स्निग्ध पदार्थ जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतात, प्रथिनेही काही अंशी तेच करतात. पहाटे थंडाई पिऊन किंवा खिशात साताऱ्याचे कंदी पेढे टाकून लांब सायकलस्वारीस निघणाऱ्यांचा अनुभव सुखाचा नसतो. पेढा शर्यतीनंतरच गोड लागतो.

वाटेत शर्करा घेतल्याने फरक पडतो, ही गोष्ट शंभर वर्षांपासून ज्ञात आहे. 1924 साली बोस्टनच्या मॅरेथॉननंतर काही धावपटूंच्या रक्तातील शर्करा मोजण्यात आली, तेव्हा अत्यंत थकून आलेल्यांत ती फारच उतरलेली आढळली. पुढच्या वर्षी त्यांपैकी काहींना आधी शर्करायुक्त आहार व धावताना गोळ्या-मिठाई देण्यात आली, आणि त्यांची अवस्था पुष्कळच सुधारलेली दिसली. स्नायूंच्या आत काय घडते हे मात्र 1960 नंतर उलगडले. स्वीडनमधील बर्गस्ट्रॉम व हल्टमन या दोघा संशोधकांनी 1966 साली स्वतःवरच प्रयोग केला. एकच सायकल दोघांनी दोन बाजूंनी, प्रत्येकाने एकेका पायाने, थकेपर्यंत चालविली आणि मग सुईने दोन्ही मांड्यांतील स्नायूंचे तुकडे काढून तपासले. थकलेल्या पायातील ग्लायकोजेन जवळजवळ संपले होते. विसावलेल्या पायातील जसेच्या तसे होते. त्यानंतर शर्कराप्रधान आहार घेतल्यावर थकलेल्या पायाने पूर्वीपेक्षा किती तरी अधिक साठा केला. शर्यतीच्या आधी दोन दिवस भात, पोहे, बटाटा यांचे प्रमाण वाढविण्याच्या आजच्या प्रथेचे मूळ या प्रयोगात आहे.

पण साठा कितीही वाढविला तरी तो पुरत नाही, आणि वाटेत घ्यावयाच्या शर्करेस एक कडक मर्यादा आहे. ती मर्यादा तोंडाची नाही, स्नायूचीही नाही. ती लहान आतड्याच्या भिंतीची आहे.

ग्लुकोज, म्हणजे द्राक्षशर्करा, आतड्याच्या भिंतीतून आपोआप झिरपत नाही. तिला आत नेणारा एक वाहक असतो, आणि तो सोडियमच्या सोबतीनेच काम करतो. रॉबर्ट क्रेन यांनी ही कल्पना 1960 साली प्राग येथील परिषदेत मांडली. तिची सर्वांत मोठी कसोटी क्रीडांगणावर लागली नाही. ती 1971 साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत लागली. पटकीची साथ पसरली असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व पाणी यांचे द्रावण पाजून असंख्य प्राण वाचविले. मिठावाचून साखर व साखरेवाचून मीठ नीट शोषले जात नाही, आणि दोहोंच्या मागोमाग पाणी जाते, हे तत्त्व धावपटूच्या बाटलीसही तसेच लागू पडते.

या वाहकाची क्षमता मात्र ठरलेली आहे. ग्लुकोज कितीही पाजले तरी तासाला साठ ग्रॅमच्या पलीकडे फारसे शोषले जात नाही. उरलेले आतड्यातच पडून राहते, पाणी आपल्याकडे ओढते, आणि मग पोट फुगणे, कळा, जुलाब हा क्रम सुरू होतो. फ्रुक्टोज, म्हणजे फलशर्करा, हिचा वाहक वेगळा आहे. दोन दरवाजे असलेल्या घरात दोन्हींनी माणसे घ्यावीत, तशी या दोन शर्करा एकत्र दिल्या तर अधिक शोषल्या जातात. बर्मिंगहॅम येथे 2004 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ग्लुकोज व फ्रुक्टोज मिळून दिल्यावर शरीराने दर मिनिटास सुमारे 1.26 ग्रॅमपर्यंत बाहेरची शर्करा जाळली. तितकेच केवळ ग्लुकोज दिल्यावर हा आकडा पुष्कळच कमी राहिला. तेव्हापासून तीन तासांपलीकडील शर्यतींसाठी ताशी 90 ग्रॅमपर्यंत मिश्र शर्करा घेण्याची शिफारस होऊ लागली. प्रारंभी ग्लुकोजचे दोन भाग व फ्रुक्टोजचा एक भाग हे प्रमाण सांगितले जाई. नंतरच्या अभ्यासांत एकास आठ दशांश हे प्रमाणही तितकेच, किंबहुना अधिक सोसते असे आढळले.

येथे सातारा-सांगलीच्या शेतमालाचा संबंध येतो. उसातील शर्करा, म्हणजे सुक्रोज, ही ग्लुकोज व फ्रुक्टोज यांच्या एकेक रेणूची जोडी होय. आतड्यात ती फुटली की दोन्ही समभाग मिळतात. बेदाण्यात या दोन शर्करा फुटलेल्याच असतात, आणि त्याही जवळजवळ निम्म्या-निम्म्या. एकास एक हे प्रमाण एकास आठ दशांशच्या इतके निकट आहे की, परदेशी वेष्टनावर ज्या मिश्रणाची जाहिरात केली जाते, ते मिश्रण कृष्णाकाठच्या गुऱ्हाळात आणि तासगावच्या बेदाण्याच्या शेडमध्ये निसर्गतःच तयार होते. ही गोष्ट अभिमानाने सांगण्याजोगी असली तरी तेवढ्यावरून गूळ व बेदाणा हे सर्वगुणसंपन्न शर्यतखाद्य ठरत नाही. रसायनदृष्ट्या योग्य असणे वेगळे, आणि घाटात, घामाने निथळत, एका हाताने हँडल धरून खाता येणे वेगळे.

गुऱ्हाळातील तीन अवस्थांपैकी या कामी सर्वांत सोयीची ठरते ती काकवी. काहिलीत रस आटत असता मळी काढून, भेंडीच्या चिकाने तो निवळून, गूळ होण्याच्या थोडे आधी जो दाट द्रव काढून घेतला जातो तो हा. त्यात साधारणतः 30 ते 36 टक्के पाणी, 40 ते 60 टक्के सुक्रोज आणि 15 ते 25 टक्के फुटलेली शर्करा असते. म्हणजे शंभर ग्रॅम काकवीत ढोबळ मानाने 65 ग्रॅम शर्करा. ताशी साठ ग्रॅम शर्करा घ्यावयाची तर नव्वद-पंच्याण्णव ग्रॅम काकवी पुरते. आकारमानाने ती सत्तर मिलिलिटरांच्या आसपास, लहान कपाच्या निम्म्याहून किंचित अधिक. ती चावावी लागत नाही आणि तीत चोथा नाही. बाजारात जे ‘जेल’ नावाने मिळते त्याहून ती गुणाने फार भिन्न नाही. चव मात्र उग्र असते, आणि तिसऱ्या-चौथ्या तासाला हीच गोडी नकोशी होते. लिंबू पिळल्याने ती थोडी सुसह्य होते.

मग पुड्यांतील जेल घेणारे वेडे ठरतात काय? मुळीच नाही. पुडीचे खरे मोल आतील शर्करेत नसून तिच्या मापात आहे. एका पुडीत 20 ते 25 ग्रॅम शर्करा असते, हे वेष्टनावर छापलेले असते. दर वीस-पंचवीस मिनिटांनी एक पुडी फोडली की हिशेब आपोआप राहतो. काकवी वापरणाऱ्याने हे माप स्वतः करावयास हवे. लहान मऊ बाटलीवर घरच्या वजनकाट्याने दर तीस ग्रॅमला खूण करून घेतली की काम भागते. अशी खूण न करता ‘घोटभर घेतली’ या हिशेबाने चालणारे पहिल्या दोन तासांत बहुधा फार कमी घेतात आणि ते ध्यानात आल्यावर एकदम फार अधिक.

गूळ विरघळवून पिण्याची रीत सर्वांत जुनी व स्वस्त. चांगल्या गुळात सुक्रोज व फुटलेली शर्करा मिळून वजनाच्या सुमारे नव्वद टक्के असतात. तेव्हा साठ ग्रॅम शर्करेसाठी सत्तर ग्रॅमच्या आसपास गूळ लागतो. तो एक लिटर पाण्यात विरघळविला तर द्रावण सहा टक्क्यांचे होते, आणि या तीव्रतेचे द्रावण जठरातून त्वरेने पुढे सरकते. तोच गूळ अर्ध्या लिटरात विरघळविला तर द्रावण बारा टक्क्यांचे होते, जठर मंद होते, आणि तहान भागण्याऐवजी वाढते. दाट गोष्ट घ्यावयाची तर ती चांगलीच दाट घ्यावी व तिच्यावर साधे पाणी प्यावे. मधल्या तीव्रतेचे सरबत सर्वांत वाईट. गूळ फडक्यातून गाळणे अगत्याचे आहे, कारण उघड्यावरील गुळात धुरोळा, पाचटाचे कण व क्वचित माश्याही असतात. फार पिवळाधमक गूळ दिसला तर रंग उजळण्यासाठी रसायन घातले नाही ना, अशी शंका घ्यावी. तपकिरी गूळ दिसावयास उणा, पण या कामास अधिक भरवशाचा.

बेदाण्याची गोष्ट थोडी निराळी आहे. तासगाव व आसपासच्या भागात द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट व इथाइल ओलिएट यांच्या पाण्यात बुडवून, सावलीत जाळ्यांवर पसरून वाळवितात. त्यामुळे सालीवरील मेणाचा थर सैल होतो व ओलावा सुमारे पंधरा टक्क्यांवर येईपर्यंत वाळण्यास दोन-तीन आठवडेच लागतात. सांगलीच्या बेदाण्यास 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. शर्यतीतील त्याच्या उपयोगाचा कस परदेशात लागलेला आहे. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातील एका प्रयोगात धावपटूंनी ऐंशी मिनिटे धावून लगेच पाच किलोमीटर वेगाने कापले. केवळ पाणी घेतलेल्यांपेक्षा बेदाणे घेतलेल्यांना सुमारे एक मिनिट कमी लागले, आणि तेवढाच लाभ बाजारी गोळ्यांनी झाला. परंतु हा प्रयोग दोन तासांच्या आतला होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. ताशी नव्वद ग्रॅम बेदाणा सहा तास खाल्ला तर तो अर्धा किलोहून अधिक होतो, आणि त्यासोबत वीस ग्रॅमच्या आसपास चोथा पोटात जातो. इतका चोथा श्रमाच्या वेळी कोणाचेही आतडे निमूट सोसणार नाही. म्हणून बेदाण्याचे स्थान सायकलच्या पहिल्या दोन तासांत, मुठी-मुठीने. पुढे काकवी किंवा गुळाचे पाणी. पिवळा बेदाणा गंधकाच्या धुरीने रंग राखतो. दम्याचा विकार असलेल्यांपैकी काहींना तो सोसत नाही, त्यांनी काळा बेदाणा वापरावा.

उकडलेल्या बटाट्यावर 2019 साली अमेरिकेत सायकलपटूंवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्षही असाच होता. बटाट्याच्या लगद्याने गती जेलइतकीच राखली, पण आकारमान मोठे असल्यामुळे पोट फुगण्याच्या तक्रारी अधिक झाल्या. तरीही पूर्ण पल्ल्याच्या शर्यतीत, जेथे सायकलवरच सहा-सात तास जातात, तेथे गोडाचा कंटाळा घालविण्यास मीठ लावलेला बटाट्याचा तुकडा किंवा मऊ भाताचा मुटका यांची जागा दुसरे काही घेऊ शकत नाही. शिवाय भात व बटाटा पचून केवळ ग्लुकोजच मिळते, त्यामुळे काकवीतील फ्रुक्टोजचा भारही किंचित हलका होतो.

एवढ्या सगळ्यात मिठाचा विसर पडतो, व तो महाग पडतो. गुळात क्षार असतात म्हणून वेगळे मीठ नको, असा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. गुळातील क्षारांत पोटॅशियम अधिक व सोडियम थोडे असते. घामातून जाते ते मुख्यतः सोडियम. एका लिटर घामात माणसागणिक अर्ध्या ग्रॅमपासून दीड ग्रॅमहून अधिकपर्यंत सोडियम असू शकते. ज्याच्या बनियनवर वाळल्यावर पांढरे पट्टे उमटतात त्याने आपली गणना वरच्या टोकास करावी. चहाच्या चमच्याचा चौथा हिस्सा मीठ, म्हणजे दीड ग्रॅमच्या आसपास, यातून सुमारे सहाशे मिलिग्रॅम सोडियम मिळते. दर तासास एवढे बहुतेकांना पुरते. वर सांगितलेल्या वाहकाच्या कामासही ते उपयोगी पडते.

याच्या उलट चूक अधिक घातक आहे. 2002 साली बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी तेरा टक्क्यांच्या रक्तात सोडियम प्रमाणाबाहेर उतरलेले आढळले, आणि त्यांचा मुख्य दोष मीठ कमी खाण्याचा नव्हता. पाणी अधिक पिण्याचा होता. संथ धावणारे, प्रत्येक थांब्यावर पेला रिकामा करणारे, शर्यतीनंतर वजन वाढलेले, अशांत तो धोका विशेष. रक्त अशा रीतीने पातळ झाले की मेंदूस सूज येते, माणूस भ्रमिष्टासारखे बोलू लागतो, आणि भोवतालचे लोक त्यास उन्हाचा त्रास समजून आणखी पाणी पाजतात. शर्यतीत मदतीस उभे राहणाऱ्या स्वयंसेवकांनी हा भेद जाणून घेणे अत्यंत आवश्यक आहे. सरावाच्या दिवशी निघण्यापूर्वी व परतल्यावर वजन करून पाहावे. एक-दीड किलो घट ही सामान्य गोष्ट. वाढ दिसली तर पिण्यात चूक आहे.

आता केव्हा खावयाचे याविषयी. पोहताना काही खाता येत नाही. म्हणून शर्यतीच्या तीन तास आधीचा आहार हाच त्या पहिल्या तासाचे इंधन होय. शेंगदाणे व खोबरे वगळून केलेले पोहे, किंवा मऊ भात व थोडे ताक, हे या भागातील माणसाच्या पोटास ओळखीचे व योग्य. ज्वारीची भाकरी उत्तम अन्न खरे, पण तिचा चोथा पाहता आदल्या दिवशी तिला रजा द्यावी. पाण्यातून निघाल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटे पोट स्थिर होऊ द्यावे, आणि मग सायकलवर नियमाने सुरुवात करावी. सायकलवर धड टेकलेले असते, पोट हिंदकळत नाही. एकंदर शर्करेचा मोठा वाटा येथेच पोटात गेला पाहिजे. धावू लागल्यावर प्रत्येक पावलागणिक आतडी हादरतात, स्नायू रक्त ओढून घेतात व आतड्यांकडील रक्तप्रवाह फारच घटतो. तेथे पातळ व थोडे-थोडे, एवढेच चालते. यवतेश्वरच्या चढावर ज्यांनी छाती धपापत असताना काकवी गिळण्याचा यत्न केला असेल त्यांना हे सांगावयास नको. चढाच्या आधी सपाटीवर घ्यावे, चढ संपल्यावर श्वास बसला की पुन्हा घ्यावे. उतारावर तर पोट हादरण्याचे प्रमाण सर्वाधिक.

केवळ 21 किलोमीटरांची डोंगरी शर्यत दोन तासांच्या आत संपविणाऱ्यास ताशी तीस ग्रॅम शर्करा पुरते. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी की, तासाभराच्या श्रमात शर्करेचे पाणी केवळ तोंडात घोळवून थुंकले तरी गती किंचित सुधारते, असे 2004 सालच्या एका प्रयोगात दिसले. तोंडातील संवेदना मेंदूस ‘इंधन येत आहे’ असे कळवितात, आणि मेंदू हात थोडा सैल सोडतो. सहा तासांच्या शर्यतीस अर्थातच ही युक्ती पुरी पडत नाही.

अखेर, आतड्यास सराव लागतो, हे पायांच्या सरावावर आठवडे खर्च करणारे फार थोडे लोक ध्यानात घेतात. शर्करा नित्य अधिक घेतल्याने तिचे वाहक वाढतात असे मानण्यास आधार आहे. 2017 साली ऑस्ट्रेलियात झालेल्या प्रयोगात दोन आठवडे धावताना रोज अधिक शर्करा घेण्याची सवय केलेल्यांच्या पोटाच्या तक्रारी स्पष्टपणे घटल्या. म्हणून आठवड्याच्या लांब सायकलस्वारीत, साताऱ्याहून मेढ्यामार्गे महाबळेश्वरकडे जाताना म्हणा, ताशी चाळीस ग्रॅमपासून आरंभ करावा, आणि पोट कुरकुर करीत नाही असे पाहून दर एक-दोन आठवड्यांनी दहा ग्रॅमने वाढवावे. साठावर बहुतेकांचे भागते. नव्वद ग्रॅमचा आकडा ऐकून पहिल्याच रविवारी तो गाठण्याचा हट्ट करणारे घाटातच सायकल आडवी करून बसतात. मधुमेह असलेल्याने मात्र यांतील कोणताही आकडा आपल्या वैद्याच्या सल्ल्यावाचून घेऊ नये.

शर्यतीची जागा बदलली की हा सराव काही अंशी फोल ठरतो, ही गोष्ट या भागातील स्पर्धकास विशेष लागू आहे. सप्टेंबरात कासच्या पठारावर धुके असते, हवा गार असते, घाम बेताचा येतो. तेथे ताशी ऐंशी ग्रॅम काकवी सुखाने पचविणारा मनुष्य ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोव्याच्या दमट किनाऱ्यावर उतरतो तेव्हा त्याचे रक्त त्वचेकडे धाव घेते, आतड्यांच्या वाट्यास आणखी कमी येते, आणि तेच ऐंशी ग्रॅम अंगावर येतात. अशा वेळी आकडा साठापर्यंत उतरविणे व वेगही थोडा उतरविणे हेच शहाणपणाचे. त्यासाठी शर्यतीपूर्वी निदान दोन आठवडे भर दुपारी, सांगली-मिरजेकडील सपाटीच्या उन्हात, बाटली त्याच मापाने भरून सराव करावा. बाटलीतील पातळ केलेली काकवी उन्हात चार-पाच तासांत आंबू लागते; ती त्याच दिवशी पहाटे, उकळून निवविलेल्या पाण्यात करावी, आणि उरली तर ओतून द्यावी.